ठाण्याहून स्पिती-लेह, पाच मित्र, पाठीवर सॅक: मार्ग आणि मुक्काम ठरवायला मदत हवी

येऊरवासी

नमस्कार मंडळी,

आम्ही पाच जण. चौघे ठाण्यातले, एक मैत्रीण नेरुळची. शाळेपासूनची ओळख, सह्याद्रीत बरीच वर्षं एकत्र हिंडतोय. यंदा हिमालयापलीकडच्या थंड वाळवंटात जायचं नक्की केलंय. बेत असा: कल्याणहून पंजाब मेलने दिल्ली, बसने शिमला, मग सतलजच्या काठाकाठाने किन्नौर, नाको, ताबो, काझा. काझाहून कुंझुम खिंड ओलांडून लाहौलमध्ये केलाँग आणि तिथून लेह. सगळा प्रवास जमिनीवरून आणि शक्यतो सरकारी बसने. देवदार संपून उघडा दगड कुठे सुरू होतो, हे मला खिडकीतून बघायचंय. विमानातून उतरून एकदम लेहमध्ये उभं राहायचं नाहीये.

अडचणी मांडतो.

पहिली तारखांची. अधिक महिन्यामुळे यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत. आमच्यापैकी दोघांकडे दहा दिवसांचा गणपती, म्हणजे २५ सप्टेंबरपर्यंत घर सोडता येणार नाही. मग २० ऑगस्टला निघून गणपतीआधी परत यायचं, की विसर्जन झाल्यावर निघायचं? सुट्टी जेमतेम तीन आठवडे मिळेल.

दुसरी उंचीची. एका मित्राची रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि या बेतात सगळ्यात उत्साह त्यालाच आहे. त्याला 'तू येऊ नकोस' म्हणायची माझी तयारी नाही, पण काळजी वाटते.

तिसरी आमच्यातलीच. एकाला लडाखमधला पँगाँग तलाव बघायचाच आहे, एकीला स्पितीत गावांमध्ये निवांत राहायचंय, एकाला रोज नवा घाट हवा. तीन आठवड्यांत हे सगळं बसवलं तर कागदावर बसतं. प्रत्यक्षात बसेल का, हे जाऊन आलेल्यांनी सांगावं.

वाशी_डेपो

छान बेत. पण माझं मत वेगळं आहे. तीन आठवड्यांतले पाच-सहा दिवस रेल्वे आणि बसमध्ये जाणार. दिल्लीहून विमानाने लेहला उतरा, दोन दिवस नुसता आराम करा आणि मग नुब्रा, पँगाँग निवांत बघा. नोकरी करणाऱ्यांना सुट्टी जपून वापरावी लागते. आम्ही कुटुंबासह असंच गेलो होतो, काही त्रास झाला नाही.

गावदेवी

वाचतेय. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय, त्यामुळे जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुना_भटक्या

येऊरवासी, तुमचा मार्ग उत्तम आहे. दिशाही बरोबर निवडलीत. वाशी_डेपो यांच्याशी मात्र असहमत, आणि कारण सुट्टीचं नाही.

लेह साधारण ३५०० मीटरवर आहे. ठाण्याच्या खाडीकाठून निघालेला माणूस विमानाने त्याच दिवशी तिथे पोचतो. शरीराला सवय व्हायला मिळणारा वेळ शून्य. लेहला उतरल्यावर दोन दिवस आराम करतात तो त्यासाठीच, आणि ज्यांना तेवढा पुरतो त्यांचं ठीक. ज्यांना पुरत नाही ते पहिली रात्र डोकं धरून काढतात. जमिनीवरून, त्यातही किन्नौरच्या बाजूने गेलात तर रस्ताच तुम्हाला हळूहळू वर नेतो.

इथे बहुतेक जण एक चूक करतात. वाटेतली ठिकाणं मोजतात आणि त्यावरून मुक्काम ठरवतात. तुम्ही आधी फक्त रात्री लिहा. कागदावर एक उभी रेघ मारा, डावीकडे तारीख आणि उजवीकडे त्या रात्री किती मीटरवर झोपणार तो आकडा. दिवसा कुठल्या घाटावर जाऊन आलात याने फारसा फरक पडत नाही, झोपलात कुठे याने पडतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर जास्तीची काढायची.

आता तुमच्या मार्गाला हे लावून बघा. शिमला २२०० मीटर. सराहन त्याच्या आसपासच, भीमाकाली मंदिराशेजारी एक रात्र काढण्यासारखी जागा. मग कल्पा २९६० मीटर, तिथे दोन रात्री. समोर किन्नौर कैलास असतो, कंटाळा येणार नाही. इथपर्यंत सोपं आहे. पुढे बहुतेक सहली नाकोला मुक्काम करतात. नाको ३६६० मीटरवर आहे, म्हणजे एका रात्रीत सातशे मीटरची उडी. गाव सुंदर आहे, तळं आहे, पण तिथे जेवा, हिंडा आणि पुढे ताबोला उतरून झोपा. ताबो ३२८० मीटर. दुसऱ्या दिवशी काझा, ३६५० च्या आसपास. कल्पा, ताबो, काझा अशी पायरी नीट पडते. नाकोचा मुक्काम मध्ये घातला की तीच पायरी मोडते. बसने गेलात तर अडचण एवढीच, की रिकाँग पिओहून काझाची बस पहाटे निघते आणि नाकोला थांबून राहत नाही. पाच जण आहात, तेवढ्या टप्प्यापुरती जीप केलीत तर परवडेल.

काझाला किमान तीन रात्री. लांगझा, हिक्कीम, कोमिक ही गावं ४४०० ते ४६०० मीटरच्या पट्ट्यात आहेत. तिथे दिवसा जायचं, हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्रं टाकायची आणि झोपायला खाली काझाला यायचं. एकदा हे झालं की कुंझुम आणि त्याजवळच्या चंद्रताल तळ्याचा त्रास बहुतेकांना होत नाही.

खाबचा पूल चुकवू नका. तिबेटमधून आलेली सतलज आणि स्पिती नदी तिथे एकमेकींना मिळतात. तिथपर्यंत रस्ता सतलजच्या काठाने असतो, तिथून तो स्पितीची साथ धरतो. तुम्हाला खिडकीतून जे बघायचंय ते याच टप्प्यात आहे. पूह गेलं की झाडं विरळ होत जातात, आणि खाबच्या पुढे डोंगरावर फक्त दगड, माती आणि नदीकाठी कुठेतरी जर्दाळूच्या बागेचा एखादा हिरवा तुकडा. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटाव कोरडं, तसाच हा हिमालयाच्या भिंतीमागचा पर्जन्यछायेचा मुलूख.

तारखांबद्दल वेगळं लिहितो.

घोडबंदरकर

स्वतःची गाडी का नेत नाही? घोडबंदरवरून अहमदाबाद हायवेला लागलात की सुटलात. एमएच-०४ ची गाडी घेऊन आम्ही मनालीपर्यंत गेलोय. हवं तिथे थांबता येतं. पाच जण म्हणजे खर्चही वाटला जातो.

येऊरवासी

@घोडबंदरकर, विचार केला होता. पण ठाण्याहून मनालीच दोन हजार किलोमीटरच्या घरात. तेवढं चालवून थकलेल्या माणसाने पुढे उंचीवर घाट चालवायचे, हे पटत नाही. शिवाय आमच्यात चालवणारे दोघेच.

@जुना_भटक्या काका, मनापासून आभार. नाकोचा मुद्दा आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नव्हता. आम्ही नाकोला दोन रात्री धरल्या होत्या. तारखांचं नक्की लिहा.

डॉ_कोपरखैरणे

मी एमडी मेडिसिन, आणि स्वतः त्या भागात जाऊन आलेला. थोडं लांबलचक लिहितोय, कारण या विषयात अर्धवट माहिती फार फिरते.

हवेतला ऑक्सिजन वर गेल्यावरही २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. काझाला तो समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, ५५०० मीटरला निम्मा. शरीर त्यावर उपाय म्हणून श्वास वाढवतं. पण नुसता श्वास वाढवला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि मेंदू पुन्हा श्वास आवरायला सांगतो. ही ओढाताण मूत्रपिंडं हळूहळू सोडवतात, त्याला काही दिवस लागतात. 'सवय होणं' म्हणतात त्याचा मोठा भाग हाच. म्हणून रात्री मोजायच्या हे जुना_भटक्या यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर.

याच ओढाताणीमुळे रात्री एक गोष्ट दिसते आणि लोक घाबरतात. शेजारी झोपलेल्या मित्राचा श्वास जोरजोरात चालतो, मग हळू होतो, काही सेकंद पूर्ण थांबतो, आणि तो एकदम धाप लागल्यासारखा श्वास घेतो. कधी दचकून जागा होतो. उंचीवर हे बहुतेकांना होतं. सकाळी डोकं ठीक, भूक ठीक, तर काळजी नको.

विरळ हवेचा त्रास म्हणजे आधी डोकेदुखी, आणि तिच्या जोडीला मळमळ, अन्नावरची वासना जाणं, गरगरणं, गळून जाणं. पोचल्यावर लगेच नाही, बहुधा सहा ते बारा तासांनी. म्हणूनच विमानाने गेलेला माणूस दुपारी बाजारात हिंडतो आणि रात्री आजारी पडतो. अशी लक्षणं असतील तर तिथेच थांबायचं, आणखी वर जायचं नाही. वाढत गेली तर खाली उतरायचं.

दोन गोष्टींमध्ये एक तासही वाट बघायची नाही. स्वस्थ बसलेला असतानाही धाप आणि खोकला, म्हणजे फुप्फुसात पाणी होत असण्याची शंका. आणि चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ, म्हणजे मेंदूला सूज. शंका आली तर जमिनीवरच्या सरळ रेघेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. नीट चालता आलं नाही तर रात्र असो, थंडी असो, खाली न्या. ऑक्सिजनचे ते छोटे डबे विकतात, ते काही मिनिटं पुरतात. त्यांच्या भरवशावर वर राहू नका.

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स. मूत्रपिंडांचं तेच काम हे औषध लवकर घडवून आणतं. लक्षणं दाबणारं औषध ते नव्हे. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा किंवा कोला बेचव लागतो, हे अपेक्षित आहे. पण सल्फा औषधांची ॲलर्जी असेल, मूत्रपिंडाचा किंवा यकृताचा विकार असेल, तर विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. डोस मी इथे मुद्दाम लिहीत नाही. आपल्या डॉक्टरांना मार्ग दाखवा, ते वजन आणि बाकीची औषधं बघून देतील.

रक्तदाबाच्या मित्राबद्दल: उंचीवर सुरुवातीचे काही दिवस रक्तदाब थोडा वाढतो. गोळ्यांनी नीट ताब्यात असेल तर बहुतेकांना जाता येतं. पण निघायच्या महिनाभर आधी तपासणी, ईसीजी, आणि गोळी कुठली आहे हे बघणं गरजेचं. लघवी वाढवणारी गोळी असेल तर कोरड्या हवेत पाणी आणि क्षार कमी पडू शकतात. मैत्रिणीने, खरं तर पाचही जणांनी, हिमोग्लोबिन बघून घ्यावं. रक्त कमी असेल तर निघण्याआधी भरून काढायला वेळ मिळतो.

तलावपाळी

डॉक्टरसाहेब, धन्यवाद, वाखूत (वाचनखुणांत) साठवलं. एक शंका: आम्ही दर शनिवारी येऊर चढतो, पावसाळ्यात कळसूबाई करतो. त्याचा फायदा होईल ना?

डॉ_कोपरखैरणे

पायांना आणि दमाला नक्की होईल, जरूर करा. विरळ हवेची सवय मात्र होणार नाही. कळसूबाई १६४६ मीटर, आणि हा त्रास साधारण अडीच हजारांच्या पुढे सुरू होतो. उलट तंदुरुस्त माणसाला धोका वेगळा असतो. तो भराभर चढतो, डोकं दुखलं तरी सांगत नाही, कारण गटात सगळ्यात दणकट तोच असतो. असा गडी प्रत्येक गटात असतो, त्याच्यावर लक्ष ठेवा.

सीवूड्स_लोकल

येऊरवासीच्या गटातली नेरुळची ती मी. स्पितीत निवांत राहायचंय म्हणणारीही मीच, त्यामुळे माझी बाजू मांडते.

आमच्या मूळ बेतात काझाला एकच रात्र होती आणि पुढे सलग चार दिवस प्रवास. मला हे पटत नव्हतं, पण का ते सांगता येत नव्हतं. आता काकांनी रात्रीच्या उंचीचा हिशेब दिल्यावर कारण सापडलं. मी काल तो कागद खरंच बनवला. लेहपर्यंतचा मार्ग मांडल्यावर सरचूची रात्र येते, साधारण ४२९० मीटर. तिथे कोणाची तब्येत बिघडली तर काय करायचं? मनालीकडे परतायचं तर बारालाचा खिंड आडवी, ४८९० मीटर. लेहकडे जायचं तर लाचुंग ला आणि टांगलांग ला, दोन्ही पाच हजारांच्या वर. म्हणजे खाली उतरायलाही आधी वर चढावं लागणार. हे नकाशावर बघितलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

आणखी एक अडचण. विसर्जनानंतर निघालो तर २६ पासून पितृपक्ष. आईचं म्हणणं, पक्ष पंधरवड्यात लांबच्या प्रवासाला निघू नये. बाबांची तिथी ४ ऑक्टोबरला आहे. ती माझ्यासाठी महत्त्वाची आहे, त्या दिवशी फोनवर का होईना मला घरच्यांसोबत असायचंय. हा मुद्दा गटात मांडायला संकोच वाटत होता, म्हणून इथे लिहिते.

येऊरवासी

अगं, हे आधी सांगायचंस. ४ तारखेला आपण काझामध्येच राहू, तिथे नेटवर्क असतं. त्या दिवशी कुठलाही प्रवास नाही. ठरलं.

जुना_भटक्या

सीवूड्स_लोकल, सरचूचं तुम्ही अगदी नेमकं पकडलंत. मनालीहून थेट जाणाऱ्यांचे सगळ्यात जास्त हाल त्याच रात्री होतात. स्पितीतून गेलेल्यांना त्रास कमी, कारण सवय झालेली असते. पण उतरायला वाट नाही हे खरंच.

आता तारखा.

ऑगस्टअखेर किन्नौर मला नको वाटतं. स्पितीत पाऊस नसतो म्हणून लोक निर्धास्त होतात, पण स्पितीला पोचायचा रस्ता भर पावसाच्या डोंगरांमधून जातो. ११ ऑगस्ट २०२१ ला निगुलसरीजवळ दरड कोसळली, बस आणि गाड्या ढिगाऱ्याखाली गेल्या, २८ माणसं दगावली. हा तुमच्याच वाटेवरचा टप्पा. आकाश निरभ्र असतानाही तिथे दगड येतात, पावसात तर विचारायलाच नको. जायचंच असेल तर हातात दोन-तीन दिवस मोकळे हवेत, आणि तुमच्या ऑगस्टच्या बेतात तसे दिवस नाहीत, कारण १४ तारखेच्या आत घरी पोचायचंच आहे. 'पोचायचंच' हा शब्द आला की डोंगरात माणसं नको ते धाडस करतात.

विसर्जनानंतर निघालात तर किन्नौरमध्ये पाऊस ओसरलेला, सफरचंदांची तोडणी चालू, हवा स्वच्छ. काझाला रात्री पारा शून्याच्या आसपास किंवा खाली. लेहची बस मात्र तोवर बंद झालेली असण्याची शक्यता मोठी, आणि मनाली-लेह रस्त्यावरचे तंबू-ढाबेही गुंडाळलेले असतात.

म्हणून माझा सल्ला: लेह यंदा सोडा. तीन आठवडे फक्त किन्नौर आणि स्पितीला द्या. पँगाँगवाल्या मित्राला वाईट वाटेल, त्याच्याशी नीट बोला.

पँगाँगवाला

तो मित्र मीच. खास या धाग्यासाठी सदस्यत्व घेतलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. फोटो बघून बघून दोन वर्षं मनात होतं. पण सरचूचं वाचल्यावर मीही नकाशा उघडला. माझी हरकत नाही. अट एकच, लेह पुढच्या जुलैत, आणि तारखा या सहलीतून परत येतानाच ठरवायच्या.

वाशी_डेपो

@पँगाँगवाला, पुढच्या वर्षासाठी एक लक्षात ठेवा. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. मनालीहून भाड्याने घेतलेली मोटरसायकलही पँगाँग-नुब्राला नेऊ देत नाहीत, लेहमध्येच भाड्याने घ्यावी लागते.

बाकी जुना_भटक्या यांचं म्हणणं वाचून माझं मत थोडं बदललं. आम्हाला त्रास झाला नाही म्हणून कोणालाच होणार नाही, असं म्हणणं बरोबर नाही.

अन्नपूर्णा_ऐरोली

अवांतर वाटेल, पण खाण्याबद्दल कोणीच लिहिलं नाही.

तीनशे मीटरला साधारण एक अंश या हिशेबाने काझाला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या भांड्यात डाळ तासन्‌तास शिजत ठेवली तरी बोटचेपी होत नाही, म्हणून तिथे घरोघरी कुकर. चहा उकळताना दिसतो पण हातात घेतल्यावर तेवढा गरम लागत नाही. होमस्टेमध्ये मिळेल ते खा: थुक्पा, राजमा-भात, जवाचं सत्तू, लोणी-मिठाचा चहा. पहिल्या घोटाला सगळ्यांना आवडतो असं नाही, पण थंडीत अंगात ऊब येते.

इथून नेताना चिवड्याची हवाबंद पाकिटं नेऊ नका. वर जाताना ती फुगत जातात, टम्म होतात, आणि सॅकमध्ये कशाखाली दाबली गेली की फुटतात. सगळ्या कपड्यांत पोहे आणि तेल. साध्या डब्यात न्या. मेतकूट, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळपोळी, खजूर. भूक मेलेली असते तेव्हा ओळखीची चव पोटात जाते. मेतकूट-भात तिथे कोणी आजारी पडलं तर औषधासारखा उपयोगी पडतो.

खारघर_टेकडी

खाण्याचं आलं तसं पाण्याचंही यायला हवं. मला हा विषय फार जवळचा आहे, म्हणून जरा आग्रहाने लिहितो.

स्पितीतली शेती बर्फाच्या पाण्यावर. वर हिवाळ्यात बर्फ कमी पडला की उन्हाळ्यात गावाच्या पाटाला पाणी नाही. अशा गावात आपण पाच जण जातो आणि गरम पाण्याची बादली मागतो. ती बादली कोणीतरी भरून आणलेली असते आणि तापवायला जाळलेलं लाकूड किंवा शेणी हिवाळ्यासाठी साठवलेल्या असतात. रोज आंघोळ करू नका. तिथल्या कोरड्या संडासात पाणी ओतू नका. वरून माती-राख टाकायची असते, त्याचं खत शेतात जातं. पाणी ओतलं की ते खत बिघडतं.

प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊ नका. प्रत्येकाने एक धातूची बाटली न्या, होमस्टेत उकळलेलं पाणी भरून देतात. रिकामी पाकिटं सॅकमधून परत आणा. काझातला कचरा तिथेच राहतो, त्याला जायला जागा नाही.

लांगझाला मुलं शंखासारखे दगड विकायला आणतील. ते जीवाश्म आहेत, टेथिस समुद्र तिथे होता तेव्हाचे. हातात घेऊन बघा, मुलांशी गप्पा मारा, पण विकत घेऊ नका. आपण घेतो म्हणून ते डोंगरातून खणले जातात. ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. आतल्या अंधारात भिंतींवर जुनी चित्रं आहेत, फोटोला मनाई आहे. डोळे सरावेपर्यंत शांत उभे राहा, हळूहळू एकेक आकृती दिसायला लागते. मोबाइलचा दिवा लावू नका.

गावदेवी

खारघर_टेकडी, +१. फार चांगलं लिहिलंत. शेणीचं मला माहीतच नव्हतं.

येऊरवासी

सगळ्यांचे आभार. काल रात्री पाचही जण फोनवर बोललो. ठरलं ते लिहितो.

लेह यंदा नाही. २७ सप्टेंबरला कल्याणहून निघायचं. आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे २९ जुलै. पाचही तिकिटं मी काढतो. शिमल्यात न रेंगाळता सराहन, मग कल्पा दोन रात्री, ताबो, आणि ३ ऑक्टोबरला काझा. ४ तारीख मोकळी. पुढचे मुक्काम काझातूनच ठरवू. १० ऑक्टोबरला अमावास्या आहे, तेव्हा आकाश बघायला लांगझाला एखादी रात्र काढावी असं मनात आहे. तोवर काझाला सहा-सात रात्री झालेल्या असतील, त्यामुळे चालेल ना?

आणि आपसात एक गोष्ट बोलून घेतली. कोणीही, कुठल्याही दिवशी 'मला बरं वाटत नाही' म्हणालं, तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. थांबायचं ठरलं तर सगळे थांबणार, उतरायचं ठरलं तर किमान दोघे सोबत उतरणार, आणि कोणाचे किती पैसे बुडाले हा विषय काढायचा नाही. त्यासाठी प्रत्येकी थोडी रक्कम आधीच वेगळी काढून एकाकडे ठेवतोय, रोख. एटीएम आणि नेटवर्क दोन्ही ऐन वेळी बंद असू शकतात.

रक्तदाबवाला मित्र पुढच्या आठवड्यात तपासणी करून घेतोय. डॉक्टर नको म्हणाले तर तो कल्पापर्यंत येईल आणि तिथूनच परत फिरेल, हे त्याने स्वतःच सुचवलं.

डॉ_कोपरखैरणे

लांगझाची रात्र चालेल, आधी दिवसा एकदा वर जाऊन आलात तर उत्तम. रक्तदाबाच्या मित्राने मुक्काम परतीसकट लिहून डॉक्टरांना दाखवावेत. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर न्यायचं असेल तर न्या, पण काझाला आकडा ८५-९० च्या दरम्यान दिसला म्हणून घाबरू नका, आणि चांगला दिसला म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करू नका. बोटं गार असतील तर ते चुकीचं दाखवतं, आधी हात चोळून गरम करा.

पँगाँगवाला

परतीचं काय? कुंझुममार्गे मनालीला उतरायचं म्हणतोय, पण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो रस्ता उघडा असतो का?

जुना_भटक्या

बर्फ पडला नसेल तर बहुधा असतो, पण त्यावर बेत बांधू नका. काझाच्या बस स्थानकावर निघायच्या आदल्या संध्याकाळी विचारा, तिथले चालक सगळ्यात खरं सांगतात. उघडा असेल तर पहाटेच निघा. कुंझुमपलीकडे बातल ते ग्रांफू रस्त्यावर ओढे आडवे येतात. दुपारी वरचं बर्फ वितळून पाणी चढतं, सकाळी ते कमी असतं. बंद असेल तर आलात त्याच वाटेने ताबो, पिओ करत खाली या. नाकोजवळचा चढ सोडला तर पिओपर्यंत तो बहुतेक उतारच आहे. शिमल्याला पोचायला दोन दिवस धरा. म्हणून परतीचं रेल्वे तिकीट दिल्लीहूनच काढा आणि मध्ये दोन दिवस मोकळे ठेवा.

येऊरवासी

मग परतीचं १७ ऑक्टोबरचं काढतो, दसऱ्याच्या आत घरी. या रविवारी सकाळी साडेसातला तलावपाळीला गडकरी रंगायतनसमोर भेटतोय, सॅक पूर्ण भरून, आणि तिथून तशीच पाठीवर घेऊन येऊर चढणार. काका, डॉक्टरसाहेब, जमलं तर तुम्हीही या. कोणाकडे शून्याखाली चालेल अशी जास्तीची स्लीपिंग बॅग असेल तर कळवा, दोन कमी पडतायत.

तलावपाळी

एक माझ्याकडे आहे. रविवारी घेऊन येतो.